अल्पावधीच्या शास्त्रीय गायन-ध्वनिमुद्रिकेची पट्टी, लय आणि भाव : केसरबाई केरकर यांच्या भैरवीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ध्वनिमुद्रित संगीताच्या संगणकीय सूचींमध्ये प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे त्याची पट्टी, गती आणि भाव या तीन नोंदी आढळतात. पाश्चात्त्य संगीताच्या वर्णनासाठी तयार झालेल्या या संज्ञा हिंदुस्थानी कंठसंगीताला जशाच्या तशा लावल्यास कोणते दोष निर्माण होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी सूरश्री केसरबाई केरकर यांच्या ‘जात कहाँ हो’ या साडेतीन मिनिटांच्या भैरवीचा आधार घेतला आहे. या तीन नोंदी परस्परांवर अवलंबून असून त्यांच्या मुळाशी तबकडीची गती व गायकाचा षड्ज या दोन बाबी आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : षड्ज, पट्टी, लय, मात्रा, भैरवी, रस, ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका, सूचीकरण.

१. प्रस्तावना

महाविद्यालयांचे संगीत विभाग, ग्रंथालये आणि खाजगी संग्राहक यांच्याकडील जुन्या ध्वनिमुद्रिकांचे संगणकीय रूपांतर गेल्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर झाले आहे. पूर्वी जी ध्वनिमुद्रिका ऐकण्यासाठी एखाद्या संग्राहकाचे घर गाठावे लागे, ती आज विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवर ऐकता येते. ही सोय स्वागतार्ह आहे. परंतु ध्वनिमुद्रणाबरोबर येणारी वर्णनात्मक माहिती अनेकदा संगणकाने आपोआप काढलेली असते. ‘अमुक मायनर’, ‘मिनिटाला इतके ठोके’, ‘उदास’ अशा स्वरूपाच्या या नोंदी विद्यार्थी प्रमाण मानतो. तो त्यानुसार तानपुरा लावतो, त्यानुसार रियाजाची लय धरतो आणि क्वचित प्रबंधातही त्या उद्धृत करतो. म्हणून या नोंदींचा अर्थ तपासणे हे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.

उदाहरणादाखल निवडलेली ध्वनिमुद्रिका अनेक अर्थांनी विशेष आहे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा जन्म गोव्यातील केरी येथे झाला. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. १९६९ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान प्राप्त झाला. अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ या दोन अवकाशयानांवर १९७७ साली सुवर्णमुलामा दिलेली जी तबकडी पाठविण्यात आली, तिच्यावरील २७ संगीतखंडांत केसरबाईंची ही भैरवी समाविष्ट आहे. संगीत-मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी तिची शिफारस केली होती. पहिले यान २० ऑगस्ट १९७७ रोजी व दुसरे ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे निधन झाले.

२. पट्टी : रचनेचा गुण की गायनाचा?

पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वरपट्टी हा रचनेचाच भाग असतो. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी ‘सी मायनर’मध्ये आहे असे म्हणताना आपण त्या रचनेची ओळखच सांगत असतो. हिंदुस्थानी पद्धतीत परिस्थिती वेगळी आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त शेकडो बंदिशी स्वरलिपीबद्ध केल्या. प्रत्येक बंदिशीवर राग आणि ताल यांची नोंद आहे. पट्टीची नोंद नाही. ती राहून गेलेली नसून तिची आवश्यकताच नाही. एकच बंदिश एखादा गायक काळी एकमध्ये गाईल आणि एखादी गायिका काळी चार किंवा काळी पाचमध्ये. बंदिश तीच, राग तोच; बदलला तो केवळ षड्ज.

यावरून असे म्हणता येईल की, आपल्याकडे पट्टी हा त्या विशिष्ट गायनाचा गुण आहे. गायकाच्या कंठाची जात, वय, त्या दिवसाची प्रकृती आणि मंद्र व तार सप्तकांत त्याला अपेक्षित असलेली फिरत यांवर षड्जाची निवड अवलंबून असते. म्हणूनच ती नोंदविणे निरर्थक मुळीच नाही. एकाच गायकाचा षड्ज तारुण्यात कोठे होता आणि उतारवयात कोठे आला, हे समजल्यास आवाजाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा हाती येतो. मात्र ही नोंद ‘षड्ज : काळी चार’ अशी असावयास हवी. ‘मेजर’ अथवा ‘मायनर’ हे विशेषण तिला जोडताच गोंधळास प्रारंभ होतो. तो कसा, हे भैरवीच्या उदाहरणावरून स्पष्ट करता येईल.

३. भैरवी आणि मेजर-मायनरचा साचा

स्वयंचलित पट्टीशोधनाच्या अनेक पद्धती ध्वनिमुद्रणातील बारा स्वरांपैकी कोणता स्वर किती प्रमाणात आला हे मोजतात आणि तो आराखडा बारा मेजर व बारा मायनर अशा चोवीस साच्यांशी ताडून पाहतात. त्यांपैकी जो साचा सर्वांत जवळचा, ती पट्टी असे उत्तर मिळते. उत्तर या चोवीस पर्यायांबाहेर जाऊच शकत नाही.

भैरवीत ऋषभ, गंधार, धैवत व निषाद कोमल असून मध्यम शुद्ध आहे. हे स्वरसप्तक मेजरही नाही आणि मायनरही नाही, कारण मायनरमध्ये ऋषभ शुद्ध असतो. समजा, गायिकेचा षड्ज काळी चार आहे. हार्मोनियमवर भैरवीचे सात स्वर क्रमाने असे येतील : काळी चार, पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक, काळी दोन, पांढरी तीन आणि काळी तीन. आता याच सात पट्ट्या पांढरी तीनला षड्ज मानून वाजविल्या, तर बिलावल थाट म्हणजेच मेजर सप्तक मिळते. काळी एकला षड्ज मानले, तर आसावरी थाट म्हणजेच मायनर सप्तक मिळते. मूर्च्छना-पद्धतीचा परिचय असलेल्या वाचकास यात नवीन काही नाही. भैरवीच्या कोमल धैवतावरून बिलावल आणि मध्यमावरून आसावरी निघते, हे सर्वज्ञात आहे.

चोवीस साच्यांच्या यंत्राला मात्र भैरवीचा साचाच ठाऊक नसल्याने त्याला यांपैकी एखाद्या जवळच्या उत्तराकडे वळावे लागते. भैरवीत मध्यम वादी मानण्याचा प्रघात आहे. काही परंपरांत धैवत वादी मानतात. म्हणजे यंत्राला चकविणारे मध्यम आणि धैवत हेच स्वर या रागात प्रबळ असतात. परिणामी काळी चारमधील भैरवीची नोंद ‘काळी एक मायनर’ अशी होण्याचा धोका उद्भवतो. अशा वेळी पट्टी तर चुकतेच, शिवाय रागाचे घरही बदलते. विद्यार्थ्याने त्या नोंदीवर विसंबून काळी एकला तानपुरा लावला, तर त्याच्या कानी पडणारी भैरवी त्याला आसावरीच्या अंगाने भासेल. त्यातच ठुमरी अंगाच्या भैरवीत शुद्ध ऋषभ, तीव्र मध्यम इत्यादी स्वरांचाही रंजकतेसाठी प्रयोग होतो. त्यामुळे सात स्वरांचा आराखडादेखील शुद्ध राहत नाही.

या प्रश्नाची जाण असलेले संशोधन झालेले आहे. कॅरल क्रमहॅन्सल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर हिंदुस्थानी संगीतातील स्वरांच्या श्रेणीविषयीचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला. बार्सिलोना येथील पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ पासून चाललेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात भारतीय संगीतातील षड्ज ओळखण्याच्या स्वतंत्र पद्धती विकसित करण्यात आल्या. मुंबईच्या आय.आय.टी.मधील संशोधकांचाही त्यात सहभाग होता. तानपुऱ्याचा अखंड नाद हा षड्जाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा होय, हे तत्त्व तेथे उपयोगात आणले गेले. आपले गुरुजन हेच तत्त्व शतकानुशतके सांगत आले आहेत.

४. लय : एक आकडा आणि अनेक स्तर

‘मिनिटाला इतके ठोके’ ही गतीची नोंद वरवर पाहता निर्दोष वाटते, कारण मात्रा मोजता येतात. परंतु कोणता ठोका मोजावयाचा, हा मूलभूत प्रश्न आहे. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची असू शकते, म्हणजे मिनिटाला केवळ १५ मात्रा. त्या दोन मात्रांमधील अवकाश तबलावादक लहान बोलांनी भरून काढतो. यंत्राला ते बोल ऐकू येतात आणि ते ६० किंवा १२० अशी गती सांगते. श्रोत्याला जे गायन अतिशय संथ वाटते, ते सूचीत मध्यम किंवा जलद ठरते.

उलट दिशेनेही हाच प्रकार घडतो. ठुमरी-दादऱ्याच्या अखेरीस तबल्यावर लग्गी सुरू होते. मात्रेची मूळ गती फारशी न बदलता तबल्याचे बोल दुप्पट-चौपट होतात. येथे लय तीच असते; केवळ भरणा वाढतो. सरगमीच्या किंवा तानेच्या दुगुनीलाही हेच लागू होते. याशिवाय हिंदुस्थानी गायनात लय क्रमाने वाढत जाते. त्यामुळे एखाद्या गायनाला एकच आकडा देणे म्हणजे आरंभ आणि शेवट यांची सरासरी काढणे होय. ती सरासरी गायनात प्रत्यक्ष फारच थोडा वेळ असते.

अल्पावधीच्या ध्वनिमुद्रिकेत लयीच्या निवडीवर काळाचे बंधनही असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. साडेतीन मिनिटे म्हणजे २१० सेकंद. विलंबित एकतालात मिनिटाला १५ मात्रा धरल्या, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते आणि तबकडीत जेमतेम चार आवर्तने बसतात. तेवढ्या अवधीत स्थायी मांडून होते न होते, तोच तबकडी संपते. याउलट मिनिटाला १६० मात्रांच्या त्रितालाचे आवर्तन सहा सेकंदांचे असते आणि ३५ आवर्तने मिळतात. मुखडा, अंतरा, बोलांची फिरत, ताना आणि समेवरची विविध आगमने या सर्वांना त्यात वाव असतो. जुन्या तबकड्यांत मध्य आणि द्रुत लयीतील बंदिशी, ठुमऱ्या व भजने यांचे प्राबल्य का आढळते, याचे एक कारण या हिशेबात आहे. म्हणून तबकडीवरील लय ही त्या गायकाची मैफलीतील स्वाभाविक लय होती, असे गृहीत धरणे योग्य ठरणार नाही.

५. तबकडीची गती : पट्टी आणि लय यांचा समान पाया

आतापर्यंत पट्टी आणि लय यांचा स्वतंत्र विचार केला. तबकडीवर मात्र त्या स्वतंत्र नसतात. तबकडी जलद फिरली तर स्वर चढतो आणि लयही वाढते. सावकाश फिरली तर दोन्ही उतरतात. एका पट्टीचा, म्हणजे अर्ध्या स्वराचा फरक पडण्यास गतीत सुमारे सहा टक्के बदल पुरेसा असतो.

‘७८ फेरे’ ही संज्ञा रूढ असली तरी प्रारंभीच्या काळात सर्व तबकड्या या गतीने कोरल्या जात नसत. फ्रेड गैसबर्ग यांनी नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण केले. तेव्हापासून विद्युत-ध्वनिमुद्रण रूढ होईपर्यंतच्या, म्हणजे १९२५ च्या सुमारापर्यंतच्या तबकड्यांत सत्तरीच्या आतबाहेरच्या गतीपासून ऐंशीच्या पुढच्या गतीपर्यंत फरक आढळतो. समजा, मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली. गती ५.४ टक्क्यांनी वाढेल. काळी चारचा षड्ज जवळजवळ पांढरी सहावर जाईल, १०० मात्रांची लय १०५ होईल आणि २१० सेकंदांचे गायन १९९ सेकंदांत संपेल. आवाजाचा पोतही पातळ व टोकदार भासेल. अशा रूपांतरित प्रतीवरून ‘पूर्वीचे गायक आजच्यापेक्षा चढ्या पट्टीत गात असत’ किंवा ‘त्यांच्या ताना अधिक वेगवान होत्या’ असा निष्कर्ष काढला, तर तो गायकांविषयीचा नसून यंत्राच्या गतीविषयीचा ठरेल.

मूळ गती निश्चित करण्याचे काही मार्ग उपलब्ध आहेत. एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या तबकड्यांची परस्परांशी तुलना करता येते. साथीला हार्मोनियम असल्यास तिच्या स्थिर स्वरांचा आधार मिळतो. मात्र सर्व हार्मोनियम आजच्या प्रमाणस्वराला लावलेल्या नसत, हे ध्यानी ठेवावे लागते. गौहरजान यांच्याप्रमाणे गायकाने अखेरीस स्वतःचे नाव उच्चारले असेल, तर बोलण्याचा तो आवाज नैसर्गिक वाटतो की नाही, हे पारखता येते.

याच संदर्भात व्हॉयेजरवरील तबकडी उद्बोधक आहे. ती मिनिटाला १६ पूर्णांक दोन-तृतीयांश फेऱ्यांनी वाजवावयाची आहे, म्हणजे एका फेऱ्याला ३.६ सेकंद लागतात. आपला ‘सेकंद’ परक्या संस्कृतीला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून तिच्या वेष्टनावर फेऱ्याचा काळ द्विमान अंकांत कोरलेला असून त्यासाठी हायड्रोजन अणूतील एका मूलभूत संक्रमणाचा काळ, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाच्या सुमारे ०.७० पट, हे एकक वापरले आहे. तबकडी कोणत्या गतीने फिरवावी हे कळल्याखेरीज तिच्यातील स्वर आणि लय परत मिळणार नाहीत, हे त्या योजनाकारांनी पक्के जाणले होते. अज्ञात श्रोत्यासाठी जी दक्षता घेण्यात आली, ती आपल्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या सूचींत बहुधा आढळत नाही.

६. भाव : शब्द, राग आणि प्रघात

तिसरी नोंद भावाची. संगणकीय पद्धतींत भाव बहुधा दोन अक्षांवर मांडला जातो : सुखद-असुखद आणि शांत-उत्तेजित. गती, स्वरांचा साचा व आवाजाची तीव्रता यांवरून त्याचे गणित केले जाते. पट्टी आणि गती यांच्या नोंदींत शिरलेला दोष त्यामुळे भावाच्या नोंदीतही उतरतो. ‘मायनर म्हणून उदास’ हे अनुमान भैरवीच्या बाबतीत दोनदा चुकते : एक तर भैरवी मायनर नाही आणि दुसरे म्हणजे ती केवळ उदास नाही.

भैरवीत शृंगार, करुण आणि भक्ती हे तिन्ही भाव परंपरेने व्यक्त होत आले आहेत. समयसिद्धान्तानुसार ती प्रातःकालीन रागिणी आहे. तथापि मैफलीची सांगता भैरवीने करण्याचा प्रघात असल्याने ती कोणत्याही प्रहरी ऐकू येते. मराठी श्रोत्याच्या मनात तर भैरवी म्हणजे समाप्ती हे समीकरण इतके दृढ झाले आहे की, एखाद्या कार्याच्या शेवटालाही आपण ‘भैरवी झाली’ असे म्हणतो. भैरवीचे पहिले स्वर कानी पडताच श्रोत्याच्या मनात निरोपाची जी हुरहुर दाटते, ती स्वरांइतकीच या प्रघातातून आलेली असते. मापनयंत्राला हा प्रघात ऐकू येत नाही.

केसरबाईंच्या या ध्वनिमुद्रिकेत भावाचा आणखी एक पदर आहे. ‘जात कहाँ हो’ म्हणजे ‘कोठे निघालीस?’ हा प्रश्न वाटेत अडवून केलेल्या छेडछाडीच्या वळणाचा आहे. शब्द शृंगाराकडे झुकतात, राग करुणाची छाया धरतो आणि भारदस्त, खुल्या आकाराने लागणारा स्वर या दोहोंना एक गांभीर्य देतो. या तीन स्तरांच्या ताणातून जो परिणाम साधतो, त्याला एका विशेषणात बसविणे शक्य नाही. तो शब्दांतच वर्णन करावा लागतो.

याचा अर्थ भावाचे मोजमाप सर्वथा व्यर्थ आहे, असा मात्र नव्हे. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्सन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदुस्थानी संगीताशी अपरिचित पाश्चात्त्य श्रोत्यांना आनंद, दुःख व क्रोध हे अभिप्रेत भाव ओळखता आले. शांत भाव मात्र तसा ओळखता आला नाही. लय, स्वररचनेची गुंतागुंत इत्यादी बाह्य खुणांचा या ओळखीशी संबंध असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे भावाचा काही अंश सार्वत्रिक खुणांतून पोहोचतो आणि काही अंश परंपरेच्या परिचयाने. शिवाय लय ही भावाची खूण असल्याने चुकीच्या गतीने वाजविलेली तबकडी भावाचाही विपर्यास करते, हेही यातून सूचित होते.

७. सूचीकरणासाठी काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन संग्रहांनी प्रत्येक ध्वनिमुद्रिकेसाठी पुढील नोंदी ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

(अ) रूपांतर करताना तबकडी कोणत्या गतीने वाजविली आणि ती गती कशाच्या आधारे ठरविली.

(आ) षड्ज : हार्मोनियमच्या पट्टीत आणि कंपनसंख्येत. उदाहरणार्थ, स्त्रीस्वराचा मध्य षड्ज काळी चार असेल, तर आजच्या प्रमाणस्वरानुसार त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २०८ होते.

(इ) राग : ‘मेजर’ वा ‘मायनर’ या शब्दांऐवजी रागाचे नाव आणि आढळल्यास रागबाह्य स्वरांचा उल्लेख.

(ई) ताल आणि मात्रागती : आरंभीची व अखेरची, स्वतंत्रपणे. मात्रा तालाच्या ठेक्यावरून मोजावी, भरण्याच्या बोलांवरून नव्हे.

(उ) गायनप्रकार आणि भाव : ख्याल, ठुमरी, भजन इत्यादी, तसेच शब्दांचा आशय व रागाचा परंपरागत रस यांचे दोन-तीन वाक्यांत वर्णन.

यांपैकी कोणत्याही नोंदीसाठी महागडी सामग्री लागत नाही. तानपुरा, घड्याळ आणि जाणता कान एवढी साधने पुरेशी आहेत. संगीताच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून हे काम प्रात्यक्षिक म्हणून करवून घेतल्यास संग्रहाची सूची सुधारेल आणि विद्यार्थ्याचा कानही तयार होईल.

८. समारोप

शास्त्रीय कंठसंगीताच्या अल्पावधीच्या ध्वनिमुद्रिकेसंबंधी पट्टी, लय आणि भाव हे तीन प्रश्न विचारणे योग्यच आहे. मात्र ते योग्य क्रमाने विचारले पाहिजेत. प्रथम तबकडीची गती, त्यानंतर गायकाचा षड्ज, मग राग, ताल व मात्रा आणि सर्वांत शेवटी भाव. यांतील प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तरावर उभे असते. पहिल्या पायरीवर झालेली चूक पुढील प्रत्येक पायरीवर वाढत जाते, आणि यंत्राने दिलेला नेमका दिसणारा आकडा ती झाकून टाकतो.

‘व्हॉयेजर-१’ने २०१२ साली आणि ‘व्हॉयेजर-२’ने २०१८ साली आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. केसरबाईंची भैरवी त्या दोहोंबरोबर, ती कशी वाजवावी याच्या सूचनेसह, पुढे जात आहे. आपल्या संग्रहांतील असंख्य ध्वनिमुद्रिकांसोबत अशी सूचना जोडण्याचे काम अद्याप आपल्याच हाती आहे. मूळ तबकड्या झिजून निकामी होण्यापूर्वी ते पूर्ण होणे अगत्याचे आहे.